उतारावरची मोटार : घरी शॉकर बदलताना

भोपाळ हे जसे तलावांचे, तसेच टेकड्यांचेही शहर आहे. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स ही नावेच ते सांगतात. त्यात माळव्याच्या पठारावरील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा रस्ता उखडतो. अशा रस्त्यांवर मोटारीचे धक्के सोसणारे भाग लवकर झिजतात. यांतील काही घरी बदलता येतात. मात्र पाना उचलण्यापूर्वी भार कोठे आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

खड्ड्यातील धक्क्याची ऊर्जा स्प्रिंग साठविते. शॉकरमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. मोटारीचा कोपरा दाबून सोडावा. ती वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली, किंवा शॉकरवर तेल ओघळलेले दिसले, तर तो निकामी समजावा.

ॲम्बॅसडर गाडीचे उदाहरण घेऊ. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिच्या मागील बाजूस पाट्यांच्या कमानी असतात. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते आणि हातब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. म्हणजे मागची दोन्ही चाके उचलताच गिअर व हातब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात! उतारावर असलेली गाडी अशा वेळी जॅकवरून घसरते. म्हणून सपाट, पक्की जागा निवडावी आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी. गाडी जॅकवर न ठेवता लोखंडी टेकूंवर ठेवावी. विटा कधीही लावू नयेत. वीट भाराखाली अचानक फुटते.

ॲक्सलला जॅकचा आधार देऊन मगच शॉकर सोडवावा. नवा शॉकर उभा धरून काही वेळा खाली-वर ओढावा, म्हणजे आतील हवा निघते. दोन्ही बाजूंचे शॉकर एकदमच बदलावेत. कमानीचे रबरी बुश बदलले असतील, तर त्यांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

मारुती ८०० च्या पुढील चाकांकडे मात्र स्प्रिंग शॉकरभोवतीच दाबून बसविलेली असते. समजा, मिलिमीटरला २० न्यूटन बल लागणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली आहे. तिच्यात २२५ जूल ऊर्जा साठते. १० किलोचे वजन सुमारे २.३ मीटर उंचीवरून पडावे, इतकी! योग्य दाबयंत्राशिवाय वरचा मधला नट सोडविला, तर ही सारी ऊर्जा क्षणात अंगावर येते. हे काम कारखान्यातच करून घ्यावे.

वर्गात आपण ऊर्जेचे सूत्र पाठ करतो. गाडीखाली शिरताना ते आठवले, तरच ते शिकलो असे म्हणावे.