यादीत नसलेला अडतीस

लाखनीकडे माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात दुकानात येणारा कागद बहुतेक वेळा यादीच असतो. ग्रामसभेचे ठराव, घरकुलाचे लाभार्थी, धानाच्या बांध्यांचे गट नंबर, नाहीतर मच्छीमार संस्थेचे तलाव. मजकुरातली वेलांटी चुकली तर साहेब हसून सोडतात, आकडा चुकला तर प्रस्ताव परत येतो.

एका मच्छीमार संस्थेचे सचिव पेनड्राइव्ह घेऊन आले होते. तलावांची यादी भाच्यानं घरी वर्डमध्ये टाइप केलेली, मला फक्त प्रिंट काढायची होती. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव सरकारजमा झाले. गावात त्यांची जुनी नावं चालतात, पण कागदावर तलावाची ओळख गट क्रमांकानंच पटते. या यादीत गट होते ३७, ४१ आणि ५२. प्रिंट हातात घेऊन सचिव म्हणाले, "भाऊ, आमच्या यादीत अडतीस नाही न! हा कोठून आला?"

आला वर्डकडून. ओळीच्या सुरुवातीला आकडा, टिंब आणि स्पेस दिली की त्याला वाटतं, क्रमवार यादी सुरू झाली. पोरानं एंटर दाबलं, पुढं ३८ आपोआप उमटला आणि त्यानं त्यापुढं तलावाचं नाव लिहून टाकलं. तिसरा तलाव ३९ झाला. अशी यादी स्वतःहून सुरू झाली की लगेच एकदा कंट्रोल-झेड दाबा. आपण लिहिलेलं तसंच राहतं, फक्त वर्डची लुडबुड जाते. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेनं 'ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप' उघडा आणि 'ऑटोमॅटिक नंबर्ड लिस्ट्स'ची खूण काढा. गट नंबर, खाते नंबर असं काही असेल तर मी सरळ टेबल करतो. प्रत्येक आकड्याला आपला रकाना मिळतो.

ठरावांची गोष्ट वेगळी. तिथं आपोआप येणारा क्रमांक सोयीचा वाटतो, पण तो मजकुरात नसतोच. वर्ड तो दर वेळी मोजून दाखवतो. ऐनवेळी पाचवा ठराव काढला की सहावा गुपचूप पाचवा होतो, आणि खाली हातानं लिहिलेलं "ठराव क्र. ६ नुसार" तसंच राहतं. म्हणून मसुदा चालू असेपर्यंत आपोआप क्रमांक ठेवावा, सह्या होण्याआधी मात्र तो पक्का करावा. यादी कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधून 'अनफॉरमॅटेड टेक्स्ट' म्हणून चिकटवली की आकडे साधी अक्षरं होतात. ठळक अक्षरं, रचना उडते, ती पुन्हा द्यावी लागते. तेवढा त्रास परवडला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कृतिदेवनं. या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं असतात, दिसायला देवनागरी. टिंबाच्या कळीवर 'ण्' बसवलेला, बंद कंसाच्या कळीवर 'द्ध'. वर्ड बापडा आकड्यापुढं टिंबच देतो, पण कागदावर उमटतो 'ण्'. कंसाची यादी असेल तर प्रत्येक मुद्दा 'द्ध' लावून येतो, जणू सगळे युद्धाला निघालेत. उपाय सोपा आहे, फक्त कुणी सांगत नाही: आकड्याचा फॉन्ट ठरतो परिच्छेदाच्या शेवटच्या अदृश्य खुणेवरून. होम टॅबवरचं ¶ बटण दाबून खुणा दिसू द्या, तेवढी खूण निवडा आणि तिला टाइम्स न्यू रोमन द्या. मजकूर कृतिदेवमध्येच राहतो, आकडा सुधारतो.

हीच फाइल युनिकोडमध्ये न्यायची असेल तर आधी नंबरिंग काढा, मग कन्व्हर्टरमध्ये टाका आणि शेवटी नंबरिंग परत द्या. नाहीतर कन्व्हर्टर तो 'ण्' खरा समजून युनिकोडमध्येही पक्का करतो, आणि मग शोधून शोधून पुसत बसावं लागतं.

उपमुद्द्यांना आपल्या कार्यालयांत अ, ब, क, ड लागतं. वर्डच्या देवनागरी क्रमात अ, आ, इ मिळेल, क, ख, ग मिळेल, अ, ब, क, ड नाही. यावर मी फार खटपट करत नाही. अक्षर हातानं टाइप करतो, टॅब देतो आणि पट्टीवर हँगिंग इंडेंट ओढतो, म्हणजे दुसरी ओळ अक्षराखाली घुसत नाही. एकाच मुद्द्यात नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट-एंटर. आणि कार्यालयात ईमेल करायचं असेल तर वर्ड फाइलसोबत पीडीएफ हवीच, कारण आपला फॉन्ट तिकडच्या मशीनवर असेलच असं नाही.