नाकाबंदी, श्वासचाचणी आणि वाहनचालकाचे कर्तव्य

मद्यप्राशनाच्या संशयावरून रस्त्यात अडवल्या गेलेल्या चालकांचे अनुभव एकत्र ठेवून पाहिले, तर त्यांतून एक बोध ठळकपणे निघतो, तो असा की अडवल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत केलेल्या वर्तनामुळे अनेकांचे प्रकरण आहे त्याहून अधिक चिघळते. कोणी यंत्रात फुंकण्यास नकार देतो, कोणी ओळखीच्या माणसाला फोन लावतो, तर कोणी पाकिटाला हात घालतो. परंतु या तिन्ही वाटा शेवटी चालकाच्याच अंगलट येतात.

या विषयाचा आधार मोटार वाहन अधिनियम, 1988 हा केंद्रीय कायदा असून त्याच्या कलम 185 नुसार दर 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे, हा अपराध आहे. सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि पुढच्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अपराध सिद्ध झाल्यावर न्यायालय चालकास किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवते, आणि ज्याची रोजीरोटी चाकावर अवलंबून आहे त्याला दंडापेक्षा हीच शिक्षा जड जाते.

पोलिसांनी इशारा करताच वाहन कडेला घ्यावे, इंजिन बंद करावे आणि मागितलेली कागदपत्रे शांतपणे दाखवावीत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधील प्रतीही कायद्याने ग्राह्य आहेत. वाजवी संशय असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी कलम 203 नुसार श्वासचाचणी, म्हणजे ब्रेथ अ‍ॅनालायझर या यंत्रात फुंकून घेतली जाणारी चाचणी, करण्यास सांगू शकतो. यंत्राला नवी, न वापरलेली नळी लावली आहे ना, हे फुंकण्यापूर्वी पाहावे व नसल्यास नम्रपणे मागून घ्यावी. अल्कोहोलयुक्त माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल तर तेही आधीच सांगावे, कारण तोंडात राहिलेल्या अंशामुळे आकडा काही काळ फुगू शकतो. चाचणीनंतर पडद्यावरील आकडा, दिनांक आणि वेळ नीट पाहून घ्यावी, आणि छापील पावती निघत असल्यास तिची प्रत मागावी.

फुंकण्यास नकार दिला की पुरावाच उरत नाही, हा समज सर्वाधिक घातक आहे. नकार देणाऱ्याने मद्य घेतले असल्याचा वाजवी संशय असेल, तर त्याला वॉरंटविना अटक करता येते, ठाण्यात नेल्यावर कलम 204 नुसार नोंदणीकृत डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना मागता येतो, आणि सबळ कारणाविना दिलेला नकार कलम 205 नुसार न्यायालयात फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानला जाऊ शकतो. मात्र याच कायद्याने पोलिसांवरही बंधने घातली आहेत: कलम 202 नुसार अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर अटक केलेल्या व्यक्तीस सोडावे लागते. म्हणून अटकेची वेळ आणि डॉक्टरांकडे नेल्याची वेळ लक्षात ठेवावी, रक्ताची कुपी आपल्यासमोर मोहोरबंद होते ना हे पाहावे, आणि कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. अटकेचे कारण जाणून घेण्याचा, नातलगास कळवले जाण्याचा आणि हा अपराध जामीनपात्र असल्यामुळे जामीन मागण्याचा हक्क चालकास आहे.

जागच्या जागी मिटवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. काही वाहतूक अपराधांत तडजोड शुल्क भरून प्रकरण संपवता येते, परंतु कलम 185 त्या यादीत नाही. त्याचा निकाल न्यायालयातच लागतो, आणि म्हणून नाक्यावर रोख देऊन प्रकरण संपवणे हा दंड नसून लाच ठरते, जी देणाराही अपराधी होतो. परवाना जप्त केल्यास त्याची पोचपावती घ्यावी आणि ठरल्या तारखेस वकिलासह हजर राहावे.

तथापि हे सारे हक्क कार्यवाही न्याय्य व्हावी यासाठी आहेत, मद्यपी चालकाला सुटकेची पळवाट मिळावी यासाठी नव्हे. 2006 साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्य घेतलेल्या चालकाच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा जीव गेला. त्यांना कोणतेही कलम परत आणू शकले नाही. शरीर साधारणपणे तासाला दर 100 मिलिलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते, म्हणजे पातळी 120 वर पोहोचलेल्या माणसाला 30 वर येण्यास सहा तास लागतात, आणि लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत पिणारा सकाळी कामावर निघतानाही मर्यादेबाहेर असू शकतो. यासाठी वाहन कोण चालवणार, किंवा रिक्षा-टॅक्सीने परतायचे का, हे पहिला पेला भरण्यापूर्वीच ठरवावे, कारण प्यालेल्या माणसाला ‘आपल्याला चढलेली नाही’ असेच वाटत असते आणि तो निर्णय नंतर त्याच्या हाती राहत नाही.