सही कुणाची, शिकवणार कोण?

पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करता येतं, ही बातमी आता गावोगाव पोचली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त गुण असतील तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं आणि प्रबंधाला 12 क्रेडिट मिळतात. त्यामुळे सांगली-मिरजेकडच्या ओळखीच्या मुलामुलींचे फोन सुरू झालेत. “ताई, बेंगळुरूत कुणाकडे करू?” गंमत अशी की ज्या कर्नाटकानं 2021 मध्ये सगळ्यांआधी चार वर्षांची पदवी घेतली, त्यानंच 2024 मध्ये ती परत तीन वर्षांवर आणली. बरोबर की चूक हा वाद वेगळा. ज्यांना चौथं वर्ष मिळणार आहे त्यांनी ते कुणाच्या हाती द्यावं, याबद्दल मला बोलायचं आहे.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंध बेंगळुरूत फळमाशीवर झाला. संस्थेचं नाव सांगत नाही. त्या संस्थेचीच गोष्ट आहे असंही नाही. सरांचं नाव मोठं होतं, लॅब भरलेली होती, पैशाला तोटा नव्हता. सर माणूस म्हणूनही चांगले. फक्त ते इथे फार कमी असायचे. मला माशा हाताळायला शिकवलं ते पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका सीनिअरनं. सगळे तिला अक्का म्हणायचे, म्हणून मीही.

हे ‘शिकवणं’ म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेरून ते कळत नाही. दोन वाणांचा संकर करायचा तर मादी कोरी हवी, तिचा आधी नराशी संबंध आलेला चालत नाही. 25 अंश तापमानाला कोशातून बाहेर पडल्यापासून साधारण आठ तासांत ती वेगळी काढावी लागते. म्हणून सकाळी लवकर बाटल्या रिकाम्या करायच्या, मग दुपारी, मग रात्री पुन्हा. कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर माशा निपचित पडल्या की ब्रशच्या टोकानं एकेक उलटी करून मायक्रोस्कोपखाली बघायची. ताजी मादी फिकट असते, पंख पुरते उलगडलेले नसतात, आणि पोटाच्या पातळ कातडीतून एक हिरवट-काळा ठिपका दिसतो. पुस्तकात हे चित्रासकट दिलेलं असतं. पण पॅडवर ढीगभर माशा आहेत, जास्त वेळ गॅस दिला तर मरतात, कमी दिला तर उठून उडतात, अशा वेळी पुस्तक काय करणार! अक्का शेजारी बसून “ही सोड, ही घे” म्हणत राहिली तेव्हा कुठे माझी नजर बसली.

जानेवारीत अक्कानं थिसिस सबमिट केला आणि पोस्टडॉकसाठी ती परदेशी गेली. तिला जायचंच होतं, लॅबमध्ये सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी नवी, मला कुणी सांगितलं नाही. माझे संकर अर्धवट आणि सर दौऱ्यावर. मेल केला की उत्तर यायचं, “लेट अस डिस्कस इन लॅब मीटिंग.” आणि लॅब मीटिंगमध्ये पदवीच्या पोरीचा नंबर सगळ्यात शेवटी, तोवर सरांची पुढची मीटिंग सुरू झालेली असायची.

म्हणून फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारायला लावते: माझ्या शेजारी रोज कोण असेल, आणि त्या व्यक्तीचं सबमिशन कधी आहे? विचारायला लाज वाटते, मान्य. पण चांगल्या गाइडला या प्रश्नाचा राग येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्याबद्दल तिथेच पुरेसं कळतं. त्या लॅबमधून आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांना गाठा, आणि मेसेज न करता फोन करा. लेखी कुणी खरं सांगत नाही.

गाइडच्या मोठ्या नावाच्या मोहाची गोष्ट निघाली की मला बेंगळुरूतच शिकलेल्या कमलाबाई आठवतात. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, पुढच्या कमला सोहोनी. 1933 मध्ये मुंबईची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं झाल्यावर त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखून बघू अशा अटीवर प्रवेश मिळाला. प्रत्यक्ष काम शिकवलं ते एम. श्रीनिवासय्या यांनी, शिस्तीला कडक असलेल्या गुरूंनी. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर त्यांच्याकडे काम करून 1936 मध्ये एम.एस्सी., मग केंब्रिजला जाऊन 1939 मध्ये पीएच.डी. रामन यांचं नाव आज शाळकरी पोरालाही माहीत आहे, श्रीनिवासय्यांचं किती जणांना? कमलाबाईंचं काम मात्र त्यांच्याच हाताखाली उभं राहिलं. जाता जाता, कमलाबाईंचा केंब्रिजचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. स्पायरल बाइंडिंग जाड दिसावं म्हणून प्रस्तावना फुगवणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आता वेळेचा हिशोब. फळमाशीची एक पिढी दहा दिवसांची. तीन पिढ्यांचा संकर म्हणजे महिना गेला, आणि प्रयोग निदान तीनदा करून बघायचा. मधे परीक्षा, दिवाळी, बिघडलेलं यंत्र. एका सत्रात असं काय आणि किती बसणार? विषय ठरवताना हे गणित कागदावर मांडून गाइडपुढे ठेवा. तुमचा विषय फळमाशी नसून भाताचं रोप असेल तर गणित आणखी कडक होईल, आणि अर्काइव्हमधल्या जुन्या कागदपत्रांवर काम असेल तर परवानगीपत्राला लागणारा वेळ त्यात धरा.

अक्का गेल्यावर मी प्रश्न लहान करून घेतला. संकरांचा पसारा सोडला आणि एकच चाचणी धरली: नळीत माशा घालायच्या, नळी टेबलावर ठोकायची, सगळ्या तळाला पडतात आणि उपजत ओढीनं वर चढू लागतात, दहा सेकंदांत खुणेच्या वर किती पोचल्या ते मोजायचं. दोन वाणांत फरक निघाला नाही. व्हायवाला त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. परीक्षक अडून बसले ते कंट्रोलवर: दोन्ही वाण एकाच वयाचे होते का, मोजणाऱ्याला कुठली नळी कुठली हे माहीत होतं का. फरक नाही, हे उत्तर चालतं. कंट्रोल नाही, हे चालत नाही.

एप्रिलमध्ये शनिवारी रात्री इन्क्युबेटरचा कॉम्प्रेसर बंद पडला. तापमान 30 च्या वर राहिलं की नर वांझ होतात. माझ्या माशा वाचल्या, कारण अक्कानं जाण्याआधी प्रत्येक वाणाचा एक जोड दुसऱ्या खोलीत 18 अंशांना ठेवायला लावला होता. तुमच्या फाइल्स असोत, नमुने असोत की मुलाखतींचं रेकॉर्डिंग, दुसरी प्रत दुसऱ्याच खोलीत हवी.

राहायची खोली लॅबपासून चालत जाता येईल इतकी जवळ बघा, भाडं जास्त पडलं तरी. रात्री अकराला माशा गोळा करून बसची वाट बघणं फार दिवस जमत नाही. शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात त्याच लॅबमध्ये दोन महिने काढून बघा. तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप त्यासाठीच आहे, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचीही आहे. पन्नास प्रोफेसरांना एकच मेल पाठवू नका, ते ओळखू येतं. ज्यांचे दोन पेपर नीट वाचलेत अशा चौघांनाच लिहा, आणि काय कळलं नाही तेही लिहा.

पेपर निघाला तर नाव येणार का, हे मध्यावरच विचारून घ्या, शेवटी विचारलं तर भांडण वाटतं. प्रयोगाची वही लॅबची असते. परवानगी घेऊन तिचे फोटो काढून ठेवा. शिफारसपत्र तुम्ही लॅबमधून निघण्याआधीच मागा, आणि सोबत तुम्ही काय काय केलंत त्याचा एक पानी कागद द्या. ऑगस्टमध्ये नवी मुलं येतात. तोवर सरांना तुमचा चेहरा आठवतो, पण कुठल्या माशा तुमच्या होत्या ते आठवत नाही.