शिक्का शेवटी पाहावा

चि. मुक्ता हिस,


फुले रंगवलेली जुनी इंग्लिश चिनी माती पारखताना तळाचा शिक्का सर्वांत शेवटी पाहावा. चेल्सी कारखान्याचा नांगर नामांकित, १७५० च्या दशकात लाल, पुढे सोनेरी; म्हणून नकला करणाऱ्यांनी तोच सर्रास उचलला. अस्सल लाल नांगर इवलासा असतो. तळावर मिरवणारा ठसठशीत नांगर दिसला की हात आखडावा. ‘इंग्लंड’ हा शब्द १८९१ च्या सुमारास अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे सर्रास छापला जाऊ लागला. तो असलेली बशी अठराव्या शतकातली म्हणून कोणी गळ्यात मारू लागला, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आधी अंग, म्हणजे भांड्याची माती, पाहावी. वूस्टर कारखान्याने १७५१ पासून मिश्रणात शंखजिरे वापरले, म्हणून त्याचे कप गरम चहाने सहसा तडकत नसत. १८०० च्या सुमारास स्पोड कारखान्याने बोन चायना रूढ केले. त्यात हाडांची राख जवळजवळ निम्मी. अंग ओळखायला फुटका तुकडा हाताशी असावा. नेकचंद यांनी रॉक गार्डनमधले पुतळे फुटक्या कपबश्यांनी मढवले, त्या तुझ्या चंडीगडमध्ये फुटक्या तुकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मग फुले. डर्बी कारखान्याचा चित्रकार विल्यम बिलिंग्जली गुलाबाची पाकळी आधी रंगाने भरून घेई आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उजळ भाग पुसून काढी. त्यामुळे त्याच्या गुलाबावरची लकाकी म्हणजे वर लावलेला पांढरा रंग नव्हे, तर खालची उघडी पडलेली झिलई. दहापट भिंगाखाली हे दिसते. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापील काम. डर्बीचाच विल्यम पेग क्वेकर पंथाचा होता. चित्रे काढणे पाप वाटून त्याने १८०१ मध्ये काम सोडले आणि १८१३ मध्ये तो परतला. त्याची फुले पाहता हे परतणे बरेच झाले म्हणायचे. डर्बीच्या वनस्पतिचित्रांच्या बश्यांवर मागे फुलाचे नाव लिहिलेले असते. त्यातली बरीच चित्रे १७८७ मध्ये सुरू झालेल्या कर्टिसच्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’वरून घेतलेली आहेत, तेव्हा मूळ चित्र शोधून ताडून पाहता येते.

टिचकी मारल्यावर धडधाकट कप खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. डागडुजी मात्र आवाजावरून नेहमी कळत नाही. दांडी आणि काठ उजेडात तिरके धरून पाहावेत. रंग झिलईवर बसवलेला असल्याने भांडी यंत्रात किंवा ब्लीचने धुऊ नयेत. कोमट पाणी, प्लास्टिकचे घमेले आणि तळाशी टॉवेल पुरे. चंडीगडच्या उन्हाळी धुळीपुढे काचेचे दार हवेच, आणि हिमालय जवळ असल्याने भूकंपाचा धोका धरून कपाट भिंतीला पक्के करावे.

नजर तयार करायला हैदराबादचे सालारजंग संग्रहालय चांगले. तिथे युरोपीय चिनी माती मुबलक आहे. खरेदीची पावती जपावी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खासगी व्यक्तीला मनाई आहे, म्हणून लंडनहून आणलेली बशी पुढे तिथल्याच लिलावात विकू, असा हिशेब धरू नये.

तुझा,
मामा