मोठ्यांची रंगवही : निवडावी कशी, रंगवावी कशी?

गेल्या काही महिन्यांत दवाखान्यात तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला. ‘डॉक्टर, मुलाने पुण्याहून ही मोठ्या माणसांची रंगवही आणून दिली आहे. याने खरेच टेन्शन कमी होते का?’ विचारणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक होते, एक किराणा दुकानदार होते आणि नुकताच पतिवियोग झालेल्या एक आजीही होत्या. प्रश्न साधा असला तरी उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. वही चुकीची निवडली तर मन शांत होण्याऐवजी डोळे आणि मान दुखू लागते. त्यामुळे आजच्या लेखात या विषयाची थोडी सविस्तर माहिती घेऊ.

हे प्रकरण आले कुठून?

स्कॉटलंडमधील चित्रकार जोहाना बॅसफर्ड यांचे ‘सीक्रेट गार्डन’ हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मोठ्यांच्या रंगवह्यांची लाट जगभर पसरली. या वह्यांतील एक मोठा भाग कल्पनाचित्रांचा असतो. पंखांचे घोडे, परी, जलपरी, आग ओकणारे ड्रॅगन, झाडांत लपलेले राजवाडे अशी चित्रे त्यांत असतात. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. यक्ष, गंधर्व, मकर, ऐरावत या कल्पना आपल्याच आहेत. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ किंवा दोन तोंडांचा गंडभेरुंड हेही कल्पनाप्राणीच होत.

अभ्यास काय सांगतो?

२००५ साली अमेरिकेतील करी आणि कासर या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांच्या मनात आधी थोडी चिंता निर्माण केली आणि मग त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला गोलाकार मंडलाची आकृती दिली, दुसऱ्याला चौकटींची आणि तिसऱ्याला नुसता कोरा कागद. वीस मिनिटे रंगवल्यानंतर पहिल्या दोन्ही गटांची चिंता कमी झालेली आढळली. कोऱ्या कागदाच्या गटात तसा फरक दिसला नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली म्हणजे आखून दिलेली आकृती असेल तर ‘आता काय काढू?’ हा प्रश्न उरत नाही आणि लक्ष हातातल्या कामावर राहते. काळजीच्या विचारांना तेवढा वेळ जागा मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की हा प्रयोग तरुण, निरोगी विद्यार्थ्यांवर आणि फक्त वीस मिनिटांचा होता. त्यावरून रक्तदाब उतरतो, मधुमेह आटोक्यात येतो किंवा नैराश्य बरे होते असे म्हणता येत नाही. रंगवही हा विरंगुळा आहे, औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी रंगवही आणली म्हणून बंद करू नये.

कल्पनाचित्रेच का?

कल्पनाचित्रांचा एक फायदा आहे. आंब्याचे पान निळे रंगवले तर आपल्यालाच चुकल्यासारखे वाटते. ड्रॅगन मात्र जांभळा असो वा केशरी, कोणी चूक काढू शकत नाही. ‘तुला चित्रकला जमत नाही’ असे शाळेत ऐकलेली कितीतरी माणसे पुढे आयुष्यभर रंगांना हात लावत नाहीत. अशांना ही मोकळीक उपयोगी पडते.

पण सगळीच कल्पनाचित्रे सर्वांसाठी नसतात. कवट्या, राक्षस, रक्त ठिबकणारे दात अशा चित्रांच्या वह्याही बाजारात आहेत. ज्यांना रात्री भयस्वप्ने पडतात किंवा घरात नुकतेच दुःख झाले आहे, त्यांच्यासाठी फुलापानांची, पशुपक्ष्यांची वही घ्यावी. भास होण्याचा आजार असलेल्या रुग्णाला अशी चित्रे देण्यापूर्वी त्याच्या मानसोपचार तज्ज्ञांना विचारावे.

वही निवडताना

१) आकृतीचा बारीकपणा : ही सर्वांत महत्त्वाची बाब. फिलिपिन्सचे चित्रकार केर्बी रोसानेस यांच्यासारख्यांची चित्रे पाहण्यास अप्रतिम असतात, पण इतकी बारीक की पहिलीच वही म्हणून ती घेऊ नये. सोपी खूण सांगतो. चित्रातील लहानात लहान जागा निदान तुरीच्या दाण्याएवढी असावी. साठीच्या पुढे ती हरभऱ्याएवढी असली तर उत्तम. वर उल्लेख केलेल्या आजींना भेट मिळालेली वही इतकी किचकट होती की ‘माझे डोळे गेले, हातही गेला’ असे म्हणून त्या अधिकच खचल्या. मोठ्या पाकळ्यांची साधी वही दिल्यावर त्यांनी आठवड्यात चार पाने पुरी केली.

२) कागद : नेहमीच्या झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्यावर पेन्सिल चालते, पण स्केचपेन मागे उमटतो. स्केचपेन वापरायचा असेल तर १२० जीएसएम किंवा अधिक जाड कागद पाहावा. जलरंगांसाठी २०० ते ३०० जीएसएमचा कागद लागतो. पातळ कागद ओला होऊन फुगतो. चित्र पानाच्या एकाच बाजूस छापलेले असावे.

३) बांधणी : वही टेबलावर सपाट उघडी राहिली पाहिजे. स्पायरल बांधणी किंवा पाने सुटी करता येतील अशी वही बरी. घट्ट चिकटवलेल्या वहीत मधला भाग रंगवताना मनगट वाकडे होते.

४) आकार : ए-फोर, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर, हा आकार सोयीचा. खिशात मावणाऱ्या वह्या मोठ्या वयाच्या माणसांनी टाळाव्यात. आपल्याकडील वही फारच बारीक निघाली तर झेरॉक्सवाल्याकडून त्या पानाची १४१ टक्के मोठी प्रत जाड कागदावर काढून घ्यावी. ए-फोरचे पान बरोबर ए-थ्री होते.

रंग कोणते घ्यावेत?

सुरुवात रंगीत पेन्सिलींनी करावी. १२ रंगांची चांगली पेटी पुरते, फार तर २४ रंगांची घ्यावी. पिवळ्यावर निळा हलकेच फिरवला की हिरवा मिळतो. पन्नास-साठ रंगांची पेटी घेतली की निम्मा वेळ रंग शोधण्यात जातो. पेन्सिल जोराने दाबू नये. आधी फिकट रंग, मग त्यावर गडद, असे दोन-तीन पातळ थर द्यावेत. पेन्सिल खाली पडली की आतली कांडी तुटते आणि मग टोक काढताना ती सारखी गळते, म्हणून पेटी कापडावर ठेवावी.

स्केचपेनचे रंग उठावदार असतात, पण खोडता येत नाहीत आणि उन्हात बहुधा लवकर फिके पडतात. स्पिरिटचा वास येणारे मार्कर दम्याच्या रुग्णांनी टाळावेत. इतरांनी ते खिडकी उघडी ठेवून वापरावेत, आणि पानाखाली जाड पुठ्ठा घालावा. जेलपेन बारीक जागेसाठी ठीक आहे, मात्र शाई वाळेपर्यंत हात लागू देऊ नये. मेणखडू आणि ऑइल पेस्टल जाड असल्याने बारीक चित्राला उपयोगाचे नाहीत. परंतु बोटांची पकड कमी झालेल्यांना मोठ्या आकृतीसाठी तेच सोपे जातात. जलरंग वापरताना वही इंकजेट प्रिंटरवर छापलेली नाही ना, हे कोपऱ्यात ओले बोट फिरवून पाहावे. शाई पसरली तर त्यावर पाणी चालणार नाही.

पेन्सिलीच्या ‘शिशा’त शिसे नसते, त्यामुळे ती भीती नको. तरीही पेन्सिल चावू नये आणि ब्रशचे टोक ओठांनी करू नये. चित्रकारांच्या काही व्यावसायिक रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. घरात लहान मूल असेल तर असे रंग आणूच नयेत. रांगोळीचे किंवा गुलालाचे सुटे रंग पाण्यात कालवून वापरण्याचा प्रयोगही नको.

बसावे कसे, किती वेळ?

चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतो. तो नसेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत, मग वही घ्यावी. वही डोळ्यांपासून ३५ ते ४० सेंटिमीटरवर असावी. उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी प्रकाश डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली पडत नाही. पलंगावर पालथे पडून किंवा मांडीवर वही घेऊन रंगवल्यास मान आखडते. वहीखाली पाट किंवा जाड पुस्तक ठेवून तिला थोडा उतार द्यावा.

एका बैठकीला २० ते ३० मिनिटे पुरेत. मध्येच मान वर करून दूरच्या झाडाकडे पाहावे. संधिवात असेल तर पेन्सिलीला रबराची नळी किंवा कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर रंगवणे काही दिवस थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

इकडे दुर्लक्ष नको

रंगवही कधीकधी आजाराची पहिली खूण दाखवते. आमच्या एका मधुमेही रुग्णाला चित्राच्या चौकटीची सरळ रेघ मध्येच वाकडी दिसू लागली. छपाईचा दोष समजून त्यांनी वही बदलली, तरी तेच. एक डोळा झाकून पाहिल्यावर तक्रार डाव्याच डोळ्याची असल्याचे त्यांच्या लक्षात आले. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज होती. वेळीच उपचार सुरू झाल्याने नजर वाचली. सरळ रेघ वाकडी दिसणे किंवा चित्रात मध्येच धूसर डाग दिसणे म्हणजे त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ. मधुमेहींनी तर अशी तक्रार नसतानाही वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. तसेच हाताला नव्याने कंप सुटला किंवा अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चालले तर तेही डॉक्टरांना सांगावे.

एक गैरसमजही दूर करू. ‘सुनेने सगळे चित्र काळे रंगवले, तिला नैराश्य आले आहे का?’ असे एका सासूबाईंनी विचारले होते. नुसत्या रंगावरून असे निदान होत नाही. पाहायचे ते वेगळेच. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन उदास आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, आवडीच्या कामातही गोडी वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, अशी लक्षणे असतील तर रंगवही पुढे करून वाट पाहू नये. डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि लगेच रुग्णालयात न्यावे.

वाचकांच्या शंका

प्रश्न : रोज एक पान पूर्ण झालेच पाहिजे का?
उत्तर : मुळीच नाही. पान पुरे करण्याची घाई झाली की विरंगुळ्याचे काम होते. अर्धे राहिलेले पान उद्या रंगवावे.

प्रश्न : रात्री झोपण्यापूर्वी रंगवले तर चालेल का?
उत्तर : चालेल. मोबाइल पाहत पडण्यापेक्षा ते बरे. मात्र उजेड पुरेसा असावा आणि ठरलेली झोपेची वेळ चुकवू नये.

प्रश्न : वडील पार्किन्सनचे रुग्ण आहेत. त्यांना वही द्यावी का?
उत्तर : द्यावी, पण मोठ्या आकृतीची आणि जाड खडूंसह. रेषेबाहेर रंग गेला म्हणून कोणीही टोकू नये. शक्य असल्यास घरातील एकाने शेजारी बसून त्याच पानाचा दुसरा कोपरा रंगवावा. रंगवण्याइतकाच सोबतीचाही त्यांना उपयोग होईल.

थोडक्यात : आकृती मोठी, कागद जाड, पेन्सिली बारा, वेळ अर्धा तास. चष्मा आधी, वही नंतर. आणि चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.