कमी दाबाच्या केंद्रावर व्हॉर्टिसिटी शून्य कशी?

प्रश्न : ईआरए-५ या हवामान-पुनर्विश्लेषणातल्या वाऱ्यांवरून बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्राची ८५० हेक्टोपास्कलवरची व्हॉर्टिसिटी काढली. ऐन केंद्रावर ती जवळजवळ शून्य येते. चुकतंय कुठे?

उत्तर : पहिला संशय अक्षांशांवर घ्या. ईआरए-५मध्ये ते उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातात. दोन ओळींमधलं अंतर तुम्ही धन धरलंत, की व्हॉर्टिसिटीच्या सूत्रातल्या दुसऱ्या पदाचं (पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या उत्तर-दक्षिण बदलाचं) चिन्ह उलटतं. गोल भोवऱ्याच्या केंद्रापाशी दोन्ही पदं साधारण सारखी असतात. ती एकमेकांत मिळून वाढण्याऐवजी एकमेकांना खाऊन टाकतात. नमपायच्या ग्रेडियंटला नुसतं अंतर न देता मीटरमध्ये बदललेली अक्षांशांची यादीच द्या. चिन्ह तो सांभाळतो.

रेखांशांचं अंतर मात्र अक्षांशाच्या कोसाइनने गुणा. पाव अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटर, ६० अंशांवर जेमतेम १४. सूत्रातलं पृथ्वीच्या वक्रतेचं पद बंगालच्या उपसागरावर, साधारण २० अंशांवर, किरकोळ आहे. युरोपवरच्या जेट प्रवाहासाठी ते वगळू नका.

डायव्हर्जन्स काढणार असाल, तर जपून. तिथे दोन मोठ्या, विरुद्ध चिन्हांच्या आकड्यांतून चिमूटभर उरतं. एका ग्रिडबिंदूवरून निष्कर्ष काढू नका, आजूबाजूची सरासरी घ्या.