पिन बसली म्हणून

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या एका गल्लीत माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, इमर्जन्सी लाइट, येईल ते घेतो. गणपतीच्या आधी मात्र टॉर्चचा हंगाम असतो. कोकणात जाणारी मंडळी माळ्यावरची टॉर्च काढतात, ती लागत नाही, मग माझ्याकडे येतात. टॉर्च परत नेताना एक प्रश्न ठरलेला: "गाडीत चार्ज केली तर चालेल ना? नाहीतरी रात्रभर प्रवासच आहे." एका वाक्यात सांगता येईल असं याचं उत्तर नाही.

एकदा माझ्या मेहुण्याच्या गाडीतून आम्ही संगमेश्वरकडे निघालो होतो. रात्रीची वेळ. काशीमिऱ्याहून घोडबंदर रोडला लागलो आणि गायमुखच्या चढावर नेहमीप्रमाणे अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मेहुण्याने निघतानाच टॉर्च चार्जिंगला लावली होती. टॉर्च जुन्या पद्धतीची, ॲल्युमिनियमची, चार्जिंगसाठी गोल पिनचं भोक असलेली. तिचा मूळ चार्जर घरीच राहिला होता. डॅशबोर्डच्या खणात मुलांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरची लायटर सॉकेटमध्ये घालायची वायर पडली होती, तिलाही गोल पिन. "भाऊजी, बघा, अगदी फिट बसली," असं तो खुशीत म्हणाला होता.

मागच्या सीटवर सासूबाई, माझी बायको आणि मी. आधी वास आला. जळकट नव्हे, गोडसर. नेलपॉलिशची बाटली उघडल्यावर येतो तसा. दुकानात हा वास नाकात बसलेला असल्यामुळे डोळे खाडकन उघडले. फुटलेल्या लिथियम सेलमधल्या द्रवाचा वास असा असतो. पाठोपाठ पुढून बारीक फुसफुस ऐकू आली. "किल्ली बंद कर आणि उतर. टॉर्चला हात लावू नको," असं मी ओरडलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्या आधी पिशवी शोधायला लागल्या. त्यांना बाहेर काढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गाडी कोंडीत उभी होती हे आमचं नशीब. नाहीतर घोडबंदर रोडच्या कोंडीचे आभार मानायची वेळ कोणावर येते!

आम्ही बाहेर पडलो तोच "फट्" असा आवाज झाला. टॉर्चची पुढची काच उडून विंडस्क्रीनवर आदळली. कप ठेवायच्या खाचेतून निळसर-पिवळी ज्योत काही क्षण सरळ वर आली आणि मग पांढरा दाट धूर. मी पाण्याच्या बाटल्या ओतायला लागलो तर शेजारच्या गाडीतला एक जण खाली उतरून ओरडला, "अहो, पाणी नका टाकू, लिथियम आहे ते!"

हा गैरसमज फार पसरलेला आहे. लिथियम धातू पाण्याशी झटापट करतो हे खरं. पण रिचार्जेबल सेलमध्ये धातूचा गोळा नसतो, लिथियम संयुगांच्या रूपात असतं. इथे आग टिकते ती सेलच्या पोटातल्या उष्णतेमुळे, म्हणून काम असतं सेल गार करण्याचं. एखाद-दुसऱ्या सेलच्या टॉर्चवर ते काम पाणी सगळ्यात चांगलं करतं. गाडीतलं पावडरचं छोटं सिलिंडर ज्योत विझवतं, पण सेल आतून तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेट घेऊ शकतो. मात्र पाणी ओतायचं ते माणसं बाहेर पडल्यावर, धूर चुकवून. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. ज्योत सीटपर्यंत पोचली तर बाटल्यांनी भागणार नाही; लांब जा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा.

गावाहून आल्यावर ती टॉर्च आणि ती वायर दोन्ही मी टेबलावर घेतली. वायरच्या पिनला मल्टिमीटर लावला: इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू असताना चौदाच्या वर. म्हणजे ती वायर चार्जर नव्हतीच. गाडीच्या बॅटरीचा करंट जसाच्या तसा पुढे देणारी तार होती. डीव्हीडी प्लेअरला तेच हवं असतं. लिथियम सेल मात्र ४.२ व्होल्टला भरतो, त्याच्या पुढे एक पाऊलही नको. टॉर्चच्या पोटात चार्जिंग तोडणारी चिप असेल म्हणून पाहिलं, तर एक डायोड आणि शेंगदाण्याहून लहान रेझिस्टर, बस्स. अशा टॉर्चमध्ये सगळी अक्कल मूळ चार्जरमध्ये असते. तो घरी राहिला की टॉर्चला "पुरे" म्हणता येत नाही.

सेलचं वेष्टन जळालं होतं, तरी "९९०० एमएएच" एवढं वाचता येत होतं. हा शुद्ध खोटेपणा. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब अशा या १८६५० सेलमध्ये चांगल्यातली चांगली कंपनीसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपासच पोचते. खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. असले फुगवलेल्या आकड्यांचे सेल हातात घेतले तरी हलके लागतात. काही तर जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं प्लास्टिक चढवलेले असतात. सेल किंवा टॉर्चच्या खोक्यावर आयएस १६०४६ आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो खरा की खोटा हे बीआयएस केअर ॲपवर तपासता येतं.

सेलला प्लसच्या टोकाशी एक झडप असते. आत वायू साठला की ती उघडून दाब सोडते. पण टॉर्च म्हणजे दोन्हीकडून आट्यांनी घट्ट बंद केलेली धातूची नळी. झडपेतून निघालेला वायू त्या नळीत कोंडतो आणि मग काच किंवा मागचं झाकण उडतं. फुसफुसणारी टॉर्च उचलून खिडकीबाहेर फेकायला जाऊ नका, असं मी बजावतो ते त्यासाठी.

मग गाडीत चार्ज करायचीच नाही का? करा, पण टॉर्च यूएसबीवाली असेल तर. तिच्या आत सहसा ४.२ व्होल्टला थांबणारी चिप असते आणि बाहेरून तिला लागतात पाच व्होल्ट. गाडीत कंपनीनेच दिलेला यूएसबी पॉइंट असेल तर तो उत्तम. बाहेरून घेतलेला चार्जर असेल तर फुटपाथवरचा सगळ्यात स्वस्त नको; बारा व्होल्टचे पाच करणारा त्यातला भाग मेला की कधी कधी सगळे बारा पुढे जातात. टाइप-सीच्या फास्ट चार्जरला मात्र लोक उगाच घाबरतात. तो आधी पाचच व्होल्ट देतो, समोरच्या वस्तूने मागितल्याशिवाय वाढवत नाही. ट्रक-टेम्पोवाल्यांनी एक गोष्ट आधी बघावी: मोठ्या ट्रकला २४ व्होल्टची यंत्रणा असते, त्यामुळे चार्जरवर "१२-२४" लिहिलेलं हवं. उत्तनहून बोटीवरची मंडळी येतात, त्यांनाही मी हेच सांगतो.

इन्व्हर्टरचं प्रकरण वेगळं, आणि ते फारसं कोणाला माहीत नाही. दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीच्या प्लगमध्ये खोचायची स्वस्त टॉर्च असते ना, तिच्यात बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरने करंट आवळलेला असतो. गाडीतल्या स्वस्त इन्व्हर्टरची लाट घरच्या विजेसारखी गुळगुळीत नसते, चौकोनी असते. त्या लाटेवर कपॅसिटर जास्त करंट सोडतो आणि टॉर्च भलतीच तापते. असली टॉर्च गाडीत लावूच नका. घरीही ती प्लगमध्ये असताना उघडायची नाही, कारण आतल्या भागात मेनचा करंट असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार्जिंग चालत्या गाडीत, जागं माणूस शेजारी असताना. टॉर्च डोळ्यांसमोर हवी. सीटखाली, कपड्यांच्या पिशवीत किंवा बंद खणात नको. अर्ध्या तासाने हात लावून बघा. कोमट ठीक, पण धरवत नसेल तर वायर काढा. गाडी लावली की चार्जिंग बंद. किल्ली काढल्यावर सॉकेट मरतं असं समजू नका. काही गाड्यांत ते चालूच राहतं. एकदा किल्ली काढून मोबाइल लावून बघा म्हणजे कळेल.

उन्हाचा हिशोब तर सरळ आहे. बहुतेक लिथियम सेल ० ते ४५ अंशांतच चार्ज करायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ३४-३५ असताना काचा बंद करून उन्हात लावलेली गाडी तासाभरात पन्नाशी ओलांडते, डॅशबोर्ड त्याहून जास्त. म्हणून रिचार्जेबल टॉर्च गाडीत कायमची ठेवूच नये, चार्जिंगला नसली तरी. पूर्ण भरलेला सेल उन्हात फार लवकर म्हातारा होतो. घरी ठेवायची तर निम्मी भरलेली ठेवा, आणि बॅगेत नेताना मागचं झाकण थोडं सैल करा, म्हणजे ती चुकून लागणार नाही.

पंक्चर काढायला गाडीत टॉर्च हवीच असेल तर साध्या पेन्सिल सेलची घ्या. सेल टॉर्चमध्ये न घालता वेगळे, पाकिटातच ठेवा, कारण उष्णतेने तेही गळतात आणि स्प्रिंग खातात, वर्षाला बदला. दिसायला जुनाट वाटेल. मेहुण्याला तसंच वाटलं होतं, पण आता त्याच्या खणात तीच असते.

पडलेला, दबलेला किंवा एकदा फार तापलेला सेल पुन्हा चार्ज करू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला जातो आणि तिथे पेटतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तोवर दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि कोरड्या वाळूच्या डब्यात, गॅलरीत सावलीला ठेवा. गोडदेव-नवघरकडचे असाल तर टेप लावून माझ्या दुकानात आणून दिलेत तरी चालेल.